पाव फेरा

ऑइलची पट्टी दोनदा बघायची असते, हे फिटरकाका भेटेल त्याला सांगत. गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं दम धरायचा, पट्टी ओढून काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढायची. "पहिली पट्टी खोटं बोलते, दुसरी खरं," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वेळी तेल पट्टीभर उडालेलं असतं. त्यावर विसंबणारा माणूस एक ना एक दिवस भर रस्त्यात गाडी ढकलताना दिसतो.

फिटरकाका कारखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी बोल्ट खोलले आणि आवळले. त्यांच्या हाताखालून गेलेला नट कधी सैल सुटला नाही, अशी त्यांची ख्याती. काकू म्हणत, "मिठाच्या बरणीचं झाकणसुद्धा असं आवळतात, की भाजीत मीठ घालायचं तर आधी यांना हाक मारावी लागते."

घराला लागून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गाडी. काळी, गोल मडगार्डांची, समोरच्या काचेचे मधोमध दोन भाग असलेली, वयाने काकांपेक्षाही थोरली. भंगाराच्या ढिगातून ती आणली तेव्हा डावऱ्या तेरा वर्षांचा होता. डावऱ्या म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. तो सगळंच डाव्या हाताने करायचा, म्हणून डावऱ्या. बापलेकांनी रविवार-रविवार करून, पाच वर्षांत, त्या भंगाराची गाडी केली. आणि त्यानंतरचे सगळे रविवार ती चालती ठेवण्यात गेले.

त्या रविवारांची एक पद्धत होती. काका गाडीखाली, डावऱ्या बाहेर. खालून काकांचा हात बाहेर यायचा, तळवा वर. बोलायचं नाही. त्या तळव्यावर हवा तोच पाना पडायचा, कधी चुकायचा नाही. डावऱ्याची खोड एकच होती. पाना हातात द्यायचा, पण सोडायचा नाही. बाप खालून ओढतोय, लेक वरून धरतोय, असं क्षणभर चालायचं. "सोड की रे," काका गाडीखालून करवादायचे. मग हसू ऐकू यायचं आणि पाना सुटायचा. सत्ताविसाव्या वर्षीही ही खोड गेली नव्हती, आणि काकांनाही ती जायला नको होती.

नियमही एकच होता. जो खोलेल तो आवळेल. कारखान्यातल्या उस्तादाने काकांना तो शिकवला आणि काकांनी डावऱ्याला. एकाने खोललेला बोल्ट दुसऱ्याने आवळायचा म्हटलं, की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने आवळला असेल. इंजिनाच्या पोटाला, चेंबरच्या तळाला, एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं तेल खाली येतं. नवं तेल भरण्याआधी तो परत लावायचा. आधी बोटांनी जाईल तेवढा, मग पान्याने पाव फेरा. पाव म्हणजे पाव. कमी पडला तर बोल्ट गळतो, जास्त झाला तर आटे फाटतात.

सोळा महिन्यांपूर्वी एका रविवारी तो पाव फेरा राहिला.

बोल्ट काकांनी खोलला होता. तेल निथळल्यावर त्यांनीच तो बोटांनी परत बसवला. तेवढ्यात काकूंनी आतून चहाला हाक मारली. ती तिसरी हाक होती, म्हणून काका उठले. डावऱ्याने नवं तेल ओतलं, पट्टी दोनदा बघितली, इंजिन चालू केलं आणि खिडकीतून ओरडला, "बाबा, एक चक्कर मारून येतो." काकांच्या ओठाला कप लागलेला होता. ते म्हणाले, "ये."

डोंगराच्या रस्त्यावर, तिसऱ्या वळणाच्या आधी, बोल्ट गळून पडला. तेल सांडलं, कोरडं इंजिन जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी आडवी होऊन कठड्यावर आदळली. गाडीला फारसं काही झालं नाही. एक मडगार्ड चेपलं आणि एक दार उघडलं. डावऱ्या त्या दारातून बाहेर फेकला गेला.

चौथ्या दिवशी हवालदार वही घेऊन आला. "बोल्ट कुणी लावला होता?" त्याने विचारलं. काकांनी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "मुलानेच. घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली." हवालदाराने तसं लिहून घेतलं. काकांचं तोंड मिटलं ते मिटलंच. कुणी सांत्वनाला आलं की काकू तेच वाक्य म्हणत, घाई पाचवीला पुजलेली, आणि काका खाली मान घालून फरशीचे सांधे मोजत बसत. गेलेल्या पोराच्या माथी आपलं पाप बसतंय आणि आपण ते बसू देतोय, हे त्यांना कळत होतं. पण दिवस जितके जात, तितकं बोलणं अवघड होत गेलं.

मग ते गाडीच्या मागे लागले. इंजिन उतरवलं, बेअरिंगं बदलली, मडगार्ड ठोकून सरळ केलं. चेंबरसाठी नवा बोल्ट स्वतः लेथवर काढला. त्याच्या डोक्याला बारीक भोक पाडलं, त्यातून तार ओवली आणि शेजारच्या लोखंडी कानाला पीळ देऊन बांधली, म्हणजे बोल्टने ठरवलं तरी त्याला फिरता येऊ नये. त्यांचा नेहमीचा पाना तेवढा सापडला नाही. त्याच्या दांड्यावर डावऱ्याने शाळकरी वयात खिळ्याने एक गाडी कोरली होती, चाकं चौकोनी. अपघाताच्या गोंधळात तो कुठे गेला कोण जाणे. काकांनी दुसरा आणला.

सात महिन्यांनी इंजिन चालू झालं. काकांनी गाडी शेडबाहेर मात्र काढली नाही. रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं, पट्टी बघायची, बोल्ट बघायचा, एवढंच.

अशाच एका रविवारी त्यांना तार उलटी दिसली.

उलटी म्हणजे पीळ उलटा. उजव्या हाताने पक्कड फिरवली की तारेला एका बाजूचा पीळ बसतो, आणि काकांच्या हाताला पस्तीस वर्षं तीच सवय. ही तार दुसऱ्या बाजूला पिळलेली होती. नीट, दाट, टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. काकांना वाटलं, पडल्यापडल्या आपलाच हात उलटा चालला असेल. वय झालं की माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधतो. त्यांनी तार कापली, नवी घातली, उजवीकडे पीळ दिला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा डावीकडे पिळलेली होती.

फिटर माणूस भुतांचा विचार सगळ्यात शेवटी करतो. काकांनी आधी खुणा केल्या. बोल्टच्या डोक्यावरून चेंबरवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटणार. शेडच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. आठवडाभर ते सदऱ्यासकट झोपले. काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "थंडी वाजते."

रविवारी कुलूप जसंच्या तसं होतं. आत रेघ तुटलेली होती. बोल्टवरचा तुकडा पुढे सरकला होता, आवळण्याच्या दिशेने.

काकांनी बॅटरी जवळ धरली, मोजपट्टी लावून मोजलं, मग पुन्हा मोजलं. पाव फेरा होता.

त्यांनी नवी रेघ ओढली. पुढच्या रविवारी आणखी पाव. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. हे असं होऊच शकत नव्हतं. पहिल्या जास्तीच्या पाव फेऱ्यालाच आटे कुरकुरायला हवेत, दुसऱ्याला फाटायला हवेत. तिसऱ्याला तर बोल्टचं डोकंच हातात यायला हवं. बोल्ट मात्र होता तसा होता, तेलाचा एक थेंबही बाहेर नव्हता. काका बराच वेळ चेंबरखाली पडून राहिले. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुणीतरी आपल्या मागून येऊन आपलं काम तपासतंय, असं त्यांना वाटलं. असा प्रसंग त्यांच्यावर कारखान्यात कधी आला नव्हता.

गाडी विकायचं काकूंनी ठरवलं. गिऱ्हाईक घरचंच होतं. गल्लीच्या तोंडाशी घड्याळांचं दुकान असलेले घड्याळजी काकांचे जुने स्नेही, आणि गाडीवर त्यांचा डोळा पहिल्यापासून. "ती शेडमधून गेली, की तुम्ही घरात याल," काकू म्हणाल्या. काका नाही म्हणाले नाहीत.

घड्याळजी गाडी बघायला आले. सवयीने त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पांढऱ्या विजारीची पर्वा न करता गाडीखाली सरकले.

"तार झकास पिळलीय," ते खालून म्हणाले. "डावखुऱ्याचं काम दिसतंय. आमच्याकडे एक कारागीर होता, त्याचा पीळ हुबेहूब..."

गाडीखालून बाहेर आल्यावर त्यांनी भिंग काढून खिशात टाकलं आणि काकांकडे न बघता विजार झटकली.

"जुनी तार असेल," ते म्हणाले.

"गेल्या रविवारची आहे," काका म्हणाले.

"असं." घड्याळजींनी दाराकडे पाहिलं. "मग येत्या रविवारी अकराला येतो. तेल बदलून ठेवाल ना? तुमच्या हातचं असलं की मला काळजी नाही."

त्या रविवारी सकाळी आठला काका शेडमध्ये गेले. तेल बदलण्याआधी इंजिन थोडं तापवायचं असतं, म्हणजे तेल पातळ होऊन मळासकट खाली येतं. त्या दिवशी त्यांना किल्ली फिरवावीशी वाटली नाही. निघून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायला अजून वेळ होता. ते तसेच खाली शिरले, पातेलं सरकवलं, डाव्या पिळाची तार कापली आणि बोल्टला पाना लावला.

बोल्ट हलला नाही.

त्यांनी अंगाचा जोर लावला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून दांडा लांब केला आणि पाय टेकवून ओढलं. पाना निसटला, बोटांची सालं गेली. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. साडेनऊ वाजले. शेवटी त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि थंड चेंबरला तळवा लावला.

"अरे, मी आहे," ते म्हणाले.

काहीच झालं नाही. तेव्हा त्यांना कळलं, की मी आहे म्हणूनच हे उघडत नाहीये. या बोल्टापाशी आपला हात कुणालातरी नको आहे. आणि ज्याला नको आहे, त्याचं काही चुकत नाहीये. साठी उलटलेला तो माणूस गाडीखाली पडून, आवाज न करता, रडला.

मग उठून स्वयंपाकघरात गेला. काकू भांडी पुसून फळीवर लावत होत्या.

"चहा ठेवू?"

"नको. ऐक जरा." काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "बोल्ट त्याने लावला नव्हता. मी लावला होता, बोटांनी. पाव फेरा द्यायचा राहिला. तू हाक मारलीस, मी आलो आणि विसरलो. त्याला वाटलं, बाबांनी खोललाय म्हणजे बाबांनीच आवळला असणार. त्याने घाई केली नव्हती. त्याची काही म्हणजे काही चूक नव्हती."

काकूंनी हातातलं भांडं पुसून पूर्ण केलं. ते फळीवर ठेवलं. मग ओट्याखालचा खण ओढला, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. रुमाल डावऱ्याचा होता. आत पाना होता, दांड्यावर चौकोनी चाकांची गाडी कोरलेला.

"तुम्ही हा हातात घेऊनच आत आला होतात," त्या म्हणाल्या. "ओट्यावर ठेवलात आणि कप उचललात. हवालदाराने बोल्टचं विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाना इथे होता, मग तिथे बोल्ट आवळणार कोण?"

"आणि तरी तू त्याचं नाव घेतलंस?"

"तो गेला होता हो. गेलेल्याला बोललेलं लागत नाही. तुम्हाला लागलं असतं, आणि तुम्ही टिकला नसता. एकाच आठवड्यात दोघांना पोचवायची माझ्यात ताकद नव्हती." "हाक मीच मारली होती ना. एकदा नाही, तीनदा."

काकांनी रुमालातून पाना उचलला.

"पण मला रोज वाटतं," काकू पाठमोऱ्या होत म्हणाल्या, "त्याला लागलं असेल का?"

काका पाना घेऊन शेडमध्ये परत गेले. खाली शिरले, बोल्टला पाना लावला. जोर लावण्याआधीच बोल्ट फिरला. उरलेला त्यांनी बोटांनी काढला आणि तेलाची धार पातेल्यात पडू लागली.

तेल गरम होतं.

त्यांनी बोट धारेखाली धरलं. काढलं. पुन्हा धरलं. डोंगराच्या रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या गाडीचं असावं, तेवढं गरम. गाडी आठवडाभर कुलपात होती आणि आज इंजिन चालू केलेलं नव्हतं.

धार बारीक झाली, मग थेंब राहिले, मग थेंबही थांबले. काकांनी बाहेर येऊन फूटबोर्डावरच्या डब्यातून तांब्याचा नवा वायसर आणला, फडकं आणलं. पाना त्यांनी फूटबोर्डावरच ठेवला. पुन्हा खाली आले, बोल्ट पुसला, वायसर घातला आणि बोटांनी जाईल तेवढा आवळला.

फाटकाची कडी वाजली. घड्याळजी आले होते. गाडीखालून काकांना फाटकापर्यंतचं अंगण दिसत होतं, चाकांच्या मधून, जमिनीलगत. घड्याळजींचे चकचकीत बूट दिसले. त्यांच्या समोर काकूंच्या चपला. दोघं तिथेच उभे राहून हळू आवाजात बोलत होते. अंगणात तिसरं कुणी नव्हतं.

काकांनी हात बाहेर काढला, तळवा वर. सोळा महिने ते एकटेच काम करत होते आणि ही सवय मोडली होती. त्या दिवशी ती कशी परत आली, ते त्यांनाही कळलं नाही.

तळव्यावर पाना आला.

दांडा त्यांच्या बोटांत बसला. त्यांनी तो धरला. पण तो आला नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी तो धरून ठेवला होता.

काकांनी मान वळवून त्या बाजूला बघितलं. मडगार्डाखाली उन्हाचा पट्टा पडला होता. तिथे पाय नव्हते.

प्रत्येक गोष्ट दोनदा बघणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्यांदा बघितलं नाही. मान सरळ केली आणि चेंबरकडे बघत पडून राहिला.

आज ओढायची त्यांना घाई नव्हती. दांडा त्यांनी नुसता धरून ठेवला. पलीकडूनही तो धरलेला होता, घट्ट नाही, खोडीपुरता. अंगठ्याखाली चौकोनी चाकं लागत होती.

"त्याची चूक नव्हती, असं आत्ता सांगितलं यांनी मला," अंगणातून काकूंचा आवाज आला. "सगळ्यांना सांगा भाऊजी. पोराची चूक नव्हती."

मग घड्याळजींनी हाक मारली. "फिटरसाहेब, झालं का?"

काकांनी अंगठा कोरलेल्या गाडीवरून फिरवला.

"सोड की रे," ते हळूच म्हणाले.

हसू ऐकू आलं नाही. पाना सुटला, एकदम नाही, एकेक बोट करून.

काकांनी तो बोल्टला लावला आणि पाव फेरा दिला.